शनिवारी गरम होणारं इंजिन

आमच्या घरात देव्हारा नव्हता. त्या कोनाड्यात वडिलांच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे... बुवाबाजी, भानामती, अंगात येणं, सगळ्यांच्या विरोधातले. शाळेच्या पुस्तकाआधी मी ती पत्रकं वाचायला शिकले. माझं नावही त्यांनी क्रांती ठेवलं. कॉलेजात गेल्यावर मी स्वतः पत्रकं लिहून हिंगोलीच्या बसस्टँडवर वाटू लागले, आणि कोणी हात जोडून "ताई, देवाधर्माचं बोलू नका" म्हणालं तर त्याच्या बसमध्ये चढून पुढच्या फाट्यापर्यंत वाद घालत जायची. उलगडा न झालेल्या अनुभवांच्या अशा सदरात माझा मजकूर छापून येईल असं तेव्हा कोणी म्हटलं असतं, तर त्याचीही धडगत नव्हती. तरी लिहितेय. माझ्या हाताला जे लागलं ते लागलंच नाही, असं मला म्हणता येत नाही.

वारंगा फाट्यावर माझे मामा, हरिभाऊ, यांचं गॅरेज होतं. मामांनी तरुणपणी पुण्यात परदेशी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काम केलेलं, नंतर गावाकडे परतून ट्रक-जीप दुरुस्त करत राहिले. दोन हजार सालानंतर कधीतरी हैदराबादचा एक माणूस नागपूरला निघाला असताना फाट्यावर थांबला. गाडी जर्मन, दोन दारांची, जमिनीला टेकलेली. इंजिनाच्या उष्णतेचा काटा लालवर गेलेला, मागून वाफ. पाण्याचा पंप गळत होता. तो माणूस बसने परत गेला, नंतर पंप पाठवला, मामांनी बसवला. "येतो" असा त्याचा एक फोन आला, आणि मग तो फोनच लागेनासा झाला. एवढी गाडी कोण टाकून जातं, हे फाट्यावरच्या प्रत्येकाने विचारून झालं. कोणी म्हणे कस्टमची भानगड, कोणी म्हणे माणूसच गेला. मामा म्हणायचे, "येईल तवा त्याला चालू गाडी भेटली पायजे."

त्या इंजिनाचं मामांना भारी कौतुक. सहा सिलेंडर, तीन इकडे, तीन तिकडे, आडवे निजलेले. इंजिन मागे आणि पाणी थंड करायच्या जाळ्या पुढे. उभं ठेवलं तर हे इंजिन आतून खराब होतं, म्हणून दर शनिवारी सकाळी मामा ते चालू करायचे. दोन मिनिटं नाही, चांगलं तापेपर्यंत. अर्धवट तापवून बंद केलं तर आत दमट राहतं आणि ऑइलच्या झाकणाला लोण्यासारखं पांढरं धरतं. मामा झाकण उघडून मला दाखवायचे, "बघ क्रांती, साफ हाय का न्हाई?"

मग मामांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. गॅरेज बंद पडलं. शेडमागच्या खोलीत बाजेवर मामा आणि शेजारी सुभद्रामामी, असे दोघंच. हायवेवरून दिवसभर ट्रक जायचे, पण त्या दाराशी थांबायला आता कोणाला कारण नव्हतं. मुलगा दिलीप पुण्यात. तो दोघांना न्यायला तयार होता, मामी हलायला तयार नव्हती. शेवटी दिलीपचा मला फोन आला, "ताई, ती म्हणते दर शनिवारी त्या गाडीचं इंजिन गरम असतं. बाबाच चालू करतात म्हणते. तू या कामातली आहेस, तिची समजूत काढ. मी रविवारी गाडी घेऊन येतो."

शुक्रवारी दुपारी मी पोचले. दिवाळीनंतरची थंडी होती. मामी मामांना भरवत होती. मी सरळ विषयाला हात घातला. ती घास कालवत म्हणाली, "हे इथं पडलेलं नुसतं अंग हाय गं. शनिवारी उठून तिकडं जातात ते. पुण्याला नेलं तर यायचे कुठं?"

"मामी, कोणीतरी येऊन चालू करत असेल."

"मग धर त्याला. धरलंस तर मी जाते पुण्याला. न्हाई धरलंस तर पुन्ना कोणी नाव काढायचं न्हाई."

"आणि मी सांगेन ते ऐकशील?"

"तू खोटं बोलत न्हाईस. तुझ्या बापानं तेवढं एक बराबर शिकवलं."

माझा संशय किसनवर होता. तो शेजारच्या तांड्यावरचा, काळीपिवळी जीप चालवणारा, मामांचं जुनं गिऱ्हाईक. विचारलं तर तो हसायलाच लागला. "ताई, म्या काहून चालू करू? तिची बॅटरी तर माझ्या जीपमधी हाय! मामीनंच देली, पडून खराब व्हईल म्हणून. चला, दाखवतो."

बॅटरी खरंच त्याच्या जीपमध्ये होती. मी शेडमध्ये जाऊन गाडीचं पुढचं झाकण उघडलं. बॅटरीची जागा रिकामी, वायरी लोंबत होत्या. मागे इंजिनाला हात लावला, दगडासारखं गार. मग मी नवं कुलूप आणलं, किल्ली स्वतःजवळ ठेवली. आत येणाऱ्याचे पाय उमटावेत म्हणून डब्यातलं ज्वारीचं पीठ सगळ्या फरशीवर चाळणीने पसरलं, शटर ओढलं आणि शटरला बाज लावून झोपले. कोणी आलं असतं तर माझ्या अंगावरून आलं असतं. शेडला दुसरं दार नाही, खिडकी नाही.

सकाळी, सूर्य उगवायच्या आधी, शटर वर केलं. पीठ जसंच्या तसं. उंदराचंसुद्धा पाऊल नव्हतं. मी हसतच मागे वळून मामीला हाक मारणार, तेवढ्यात आवाज आला. टिक... टिक... तापलेलं लोखंड थंड होताना करतं तसा.

मी पीठ तुडवत गेले. मागचं झाकण उघडलं आणि ऊब तोंडावर आली. पाण्याच्या टाकीवर हात ठेवला, तो मला काढावा लागला. ऑइलचं झाकण फिरवून पाहिलं, आतून साफ. शेडमध्ये धूर नाही, पेट्रोलचा वास नाही. पळत पुढे जाऊन पाहिलं, वायरी कालसारख्याच लोंबत होत्या. बाहेर रात्रभर उभी असलेली किसनची जीप दवाने ओली, तिच्या बॉनेटला हात लावला तर बर्फ.

मामी शटरपाशी आली होती. ती इंजिनाकडे बघतच नव्हती, फरशीकडे बघत होती.

"पीठ काहून पसरलं?"

आणि मला एकदम लक्षात आलं. माणूस गेला की त्याच्या जागी पीठ पसरून सकाळी पाऊल शोधतात. वडिलांचं एक पत्रक नेमकं याच प्रथेवर होतं. मी चोर पकडायला निघाले होते, आणि जित्या माणसाच्या घरात मेलेल्याचं पीठ पसरून बसले.

"मामी, मी तसं..."

"जिता हाय माझा माणूस!" ती ओरडली. मग मला हाताला धरून मामांपाशी नेलं. त्यांचा लुळा हात माझ्या नाकाशी धरला. "घे वास. गाडीच्या पाण्याचा गोड वास येतो का न्हाई?"

इंजिन थंड ठेवायला पाण्यात जे औषध घालतात, त्याचा तो वास मला माहीत होता. खरं सांगते, तो आला नाही. पावडरचा आला, बामचा आला. मामीला तसंच सांगितलं. मामा छताकडे बघत होते. ते काही सांगू शकले असते तर किती बरं झालं असतं.

रविवारी दिलीप मोठी गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर त्याने गादी अंथरली होती, उशाही आणल्या होत्या. किसन सामान उचलायला आला. मामी दारात बसून राहिली.

"आई, चल. ताईनं बघितलंय ना सगळं? ताई, सांग तिला."

मामीने माझ्याकडे पाहिलं. "सांग. कोणी आलं व्हतं?"

"नाही."

"इंजिन गरम व्हतं?"

दिलीप माझ्याकडे डोळ्यांनी विनवत होता. एक शब्द पुरला असता. त्या शब्दावर दोन म्हातारी माणसं लेकाच्या घरी, नातवंडांत गेली असती. माझ्या जिभेवर तो आलाही.

"होतं," मी म्हणाले. "गरम होतं."

मामी उठली, आत गेली, आणि मामांच्या कानाशी वाकून म्हणाली, "जायचं न्हाई आपल्याला. गादी तेवढी ठिवून घेऊ त्याची, मऊ हाय." दिलीपने गादी ठेवली आणि रिकामी गाडी घेऊन गेला.

मामा त्याच खोलीत वारले. मामी त्यानंतरही तिथे एकटीच राहिली. मी भेटायला जायची तेव्हा ती बहुधा शेडमध्ये, त्या गाडीमागे स्टुलावर बसलेली असायची. शनिवारी मुद्दाम गेले नाही.

मी मेकॅनिकना विचारलं, भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारलं. पत्र्याचं ऊन म्हणाले, तर ते सूर्य उगवायच्या आधीचं होतं. भास म्हणाले, तर माझ्या तळहाताला दुपारपर्यंत चटका जाणवत होता. अजूनही मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, पत्रकं आजही लिहिते. त्या सकाळचं उत्तर माझ्याकडे नाही.

दिलीप त्यानंतर माझ्याशी एकदाच बोलला, मामांच्या मातीला. म्हणाला, "ताई, तू खरं बोललीस. आई मात्र एकटी पडली."