दसरूभाऊंच्या चिंचेची फांदी

जेठ लागला की दसरूभाऊ न विचारता माझ्या घरावर चढायचे! सकाळीच शिडी माझ्या भिंतीला, आणि वरून आरोळी, "मोतीरामा, खाली उभा राहू नोको, टकुऱ्यावर कवेलू पडंल!"

ते माझे शेजारी. त्यांच्या चिंचेची एक फांदी माझ्या छपरावर आलेली. आंबागडच्या डोंगरातली वानरं त्या फांदीवरून उतरायची आणि छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, फोडायची. म्हणून दरवर्षी पावसाआधी माझे कवेलू दसरूभाऊच फेरायचे, फुटके काढून नवे बसवायचे. "झाड मायं, तं फुटलेले कवेलू बी मायेच!"

मला हे खपायचं नाही. छपराखाली बियाण्याचं धान भरलेली बांबूची ढोली; पाणी शिरलं की धानाला मोड! मी म्हणायचो, "कवेलू राहू द्या, फांदी तोडा." ते म्हणायचे, "वांदरायचा रस्ता हाय तो. रस्ता मोडला म्हून वांदर घरी बसते का गड्या?"

एका साली मी पेटलोच. ते तुमसरच्या बाजाराला गेले अन् मी कुऱ्हाड घेऊन चढलो. फांदी धाडकन अंगणात! काय आनंद झाला सांगू! म्हटलं, आता बघतोच कोणतं वानर येतं.

तिसऱ्या दिवशी टोळी आली. थोराड हुप्प्यानं अंतर पाहिलं आणि घेतली झेप. धडाम! आधी पाय टेकून उतरायची, आता वरून कोसळू लागली. एकामागं एक! घरातून आभाळ दिसू लागलं, आणि ते आभाळ काळंभोर.

मी ढोलीला कवटाळून उभा. तेवढ्यात भिंतीला शिडी लागली. दसरूभाऊ वर, पोट धरून हसताहेत. "कवेलू देतं का खालून, का वांदरायलेच बलावू?" मी कवेलूंची टोपली उचलली. शेवटचा कवेलू बसला आणि पाऊस आला. ढोलीत हात घातला. धान कोरडं ठणठणीत!

गावानं विचारलं, "भाऊ, फांदी कोनं तोडली?" कुऱ्हाडीचा घाव लखलखीत दिसत होता, तरी भाऊ म्हणाले, "वाऱ्यानं पडली." मरेपर्यंत तेच सांगितलं.

त्या घावातून फुटलेली फांदी आता पुन्हा माझ्या छपरावर आली आहे. परवा त्यांचा मुलगा म्हणाला, "काका, छाटू काय?" मी ओरडलोच, "हात लावू नोको! वांदरायचा रस्ता हाय तो!"

आणि आता लिहूनच टाकतो. त्या दिवशी वारा नव्हता.