सात नंबरची खोली

कर्जत तालुक्यातल्या कळंबजवळच्या एका रिसॉर्टवर मी खोल्या आवरायचे. मंदी आली तसं मुंबईच्या कंपन्यांनी आपल्या माणसांना सहलीला पाठवणं थांबवलं, मग शनिवार-रविवारची कुटुंबंही येईनाशी झाली. मालकांनी आचारी, माळी, मॅनेजर सगळ्यांना घरी बसवलं. राहिलो मी आणि गेटवरचा म्हातारा वॉचमन. "अचानक कुणी आलंच, तर खोल्या तयार हव्यात," मालक म्हणाले. म्हणून रोज बारा खोल्या उघडायच्या, कुणी न झोपलेल्या पलंगांवरची धूळ झटकायची, चादरी ताणून बसवायच्या.

एका दुपारी सात नंबरच्या चादरीवर खळगा दिसला, कुणी पडून उठल्यासारखा. मी ती नीट केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच. बाथरूमची फरशीही ओली. वॉचमनला विचारलं, तर तो नजर चुकवून म्हणाला, "मला काय ठावं नाय."

चार दिवस मी त्या खोलीकडे फिरकले नाही. पाचव्या दिवशी धीर करून दार ढकललं. आत खुर्चीवर मॅनेजर बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, छातीवर नावाची पट्टी.

"घरी अजून सांगितलं नाही, ताई," ते म्हणाले. "शेलूत नवीन घर घेतलंय. रोज सकाळी कामावर म्हणून निघतो. जाणार कुठं?"

वॉचमनच त्यांना मागच्या दारानं आत घेत होता. त्या दिवसापासून माझ्याबरोबर त्यांचाही चहा टाकायला लागले.

महिन्याभरानं एक बाई रिक्षातून गेटवर उतरली. हातात डबा. "आमचे हे डबा घरीच विसरून आले," ती म्हणाली. मी ओळखलं, मॅनेजरांची बायको. पटकन बोलून गेले, "सायेब पावण्यांबरोबर भायेर गेल्यात. आज लय गर्दी हाय."

तिनं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. पोहण्याचा तलाव कोरडा, तळाशी पानं साचलेली. काउंटर बंद. मग तिनं डबा परत पिशवीत घातला.

"मी आले होते हे त्यांना सांगू नका."

"नाय सांगत."

रिक्षा गेली. मी मागे वळले तेव्हा सात नंबरचा पडदा हलताना दिसला. वारा नव्हता.

त्या दुपारी त्यांनी चहा घेतला, कप विसळून ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत. पुढे मालकांनी रिसॉर्टलाच कुलूप लावलं आणि मी कडावच्या डेअरीत लागले.

गेल्या वर्षी कर्जतच्या बाजारात ती दोघं भाजी घेताना दिसली. त्यांनी मला पाहून मान हलवली. तिनंही ओळखलं, पण लगेच खाली बघून टोमॅटो निवडायला लागली. मी पुढे निघून आले. ती डबा परत घेऊन गेली, त्या संध्याकाळी घरी दोघं काय बोलली असतील, की काहीच बोलली नसतील, हे दुधाचे कॅन धुताना मधेच मनात येतं, आणि माझा हात थांबतो.