अस्वलाचं पिल्लू
मटारच्या शेंगा भाजल्याचा वास आला की मला ते अस्वलाचं जुनं कार्टून आठवतं. मी नोकरीसाठी नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी आम्ही शेंगा खात टीव्हीवर ते पाहत होतो. शेवटी पिल्लू एकटंच जंगलात निघून जातं, तेव्हा आई चिडली, "कशी माय आहे ही! जाऊ काहून देऊन राहिली त्याला?" बाबा ठामपणे म्हणाले, "पिक्चर एकदम सही आहे. मोठं झालं की पिल्लू गेलंच पाहिजे." दुसऱ्या दिवशी मला सोडायला तेच आले. बस आमच्या गावाबाहेरच्या तिलवाऱ्याच्या पुलावर येताच त्यांनी खिडकीतून नर्मदेत नाणं टाकलं आणि पुटपुटले, "मैया, पोरीला लवकर परत आण." काल माझ्या लेकीनं हे ऐकून विचारलं, "मग सही कोण, आजी की आजोबा?" मी बेधडक आजीचं नाव घेतलं, पुलावर पोचेपर्यंत आजोबाही तिच्याच बाजूचे झाले होते.