आण्णांनी नापास केलेला समुद्र

आमच्या हॉलमध्ये तीन महिने एक समुद्र होता आणि त्यात कुणीही राहत नव्हतं.

समुद्र म्हणजे तीन फूट लांब आणि दीड फूट उंच काचेची टाकी. खरा समुद्र कोल्हापुरातनं गाडीनं तीन-चार तासांवर आहे आणि तिथं मासेसुद्धा तयार मिळतात, हे मला माहीत आहे. (बायकोनं तेवढ्यासाठी नकाशा उघडून दाखवला होता.) पण मला तो राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर, टीव्हीच्या शेजारीच हवा होता. त्याला कारण आमचे आण्णा.

आण्णा म्हणजे माझे वडील. शिरोळजवळच्या आमच्या गावात दूध डेअरीवर पस्तीस वर्षं दूध तपासायला होते. किटली आली की त्यात लॅक्टोमीटरची काचेची नळी सोडायची, ती किती वर तरंगते बघून डिग्री वाचायची आणि एकच शब्द बोलायचा. 'घ्या' नाहीतर 'न्या'. डिग्री अठ्ठावीसच्या खाली गेली की दुधात पाणी, विषय संपला! एकदा सख्ख्या मेव्हण्याची किटली त्यांनी भर चौकात परत पाठवली. (मामा अजून आमच्याकडं जेवत नाहीत.)

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आई गेली आणि मी आण्णांना इकडं घेऊन आलो. ते आले, पण जीव तिकडंच ठेवून. दिवसभर बंद टीव्हीकडं बघत बसायचे. चालू केला तर म्हणायचे, "ऱ्हाऊ दे बंद. कुनाच्या घरात काय चाललंय त्ये मला कशाला पायजे?" पिशवी कायम भरलेली. "दसरा झाला की मी चाललो गावाकडं," एवढं दर आठवड्याला ऐकवायचे. गावातलं घर नदीच्या काठाला, गुडघे कामातनं गेलेले, गॅस बंद केला का ते आठवत नाही. तिथं त्यांना एकटं ठेवायला माझं मन तयार नव्हतं. आता 'आण्णा, जाऊ नका' असं सरळ म्हणावं, तर आमच्या घराण्यात बाप-लेकानं एकमेकांशी असलं काही बोलायची पद्धतच नाही. आम्ही फार तर 'जेवलासा काय?' म्हणतो.

मग एकदा त्यांना कवळीसाठी दातांच्या डॉक्टरांकडं नेलं. तिथं बाहेर खाऱ्या पाण्याची टाकी होती, त्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे. आण्णा तासभर त्यांच्यासमोर बसले. नंबर आला तरी उठेनात! शेवटी मला म्हणाले, "सुन्या, ह्यो बारका त्या मोठ्याला लई दम देतोय बघ." इकडं आल्यापासून त्यांनी आपणहून उच्चारलेलं ते सगळ्यांत लांब वाक्य. त्याच आठवड्यात मी टाकी आणली.

दुकानदारानं टाकी, दगड, वाळू आणि समुद्राच्या खास मिठाचा डबा दिला. मासे दिले नाहीत.

"मासं आत्ता न्हाईत, सर. आधी पाणी मुरू द्या. दीड महिना तरी."

"मला सांगताय?" मी हसलो. "मी क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो. नायट्रोजन चक्र. पाच मार्कांचा प्रश्न आहे तो!"

आणि खरंच, फळ्यावर ते किती सोपं आहे! पाण्यात एक कच्ची कोळंबी टाकायची. ती कुजते, अमोनिया सुटतो, तो विषारी. मग पाण्यात जंतू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जंतू येतात आणि त्याचं नायट्रेट करतात, ते माशांना सोसतं. पहिली दोन विषं शून्यावर आली की टाकी तयार. मी कोळंबी टाकली आणि खुर्ची ओढून बसलो.

पहिले पाहुणे खालच्या मजल्यावरचे शौकतचाचा. टेलरिंगचं दुकान सोडून, गळ्यात टेप तसाच, मासे बघायला वर आले. काचेला नाक लावून म्हणाले, "सर, ह्यो झोपलाय का?"

"नाही चाचा. मेलाय."

"आरारारा! आणल्या आणल्या?"

"मेलेलाच आणलाय."

चाचांनी माझ्याकडं बघितलं, मग आण्णांकडं बघितलं. "मेलेलं जित्राब इकत आणून पाण्यात सोडलंसा?"

"ते कुजायला पाहिजे," मी शास्त्रीय खुलासा केला.

जाताना चाचा दारात सुजाताला, म्हणजे माझ्या बायकोला, हळूच म्हणाले, "वहिनी, सरांस्नी जरा इश्रांती द्या."

सुजाताला तेवढंच पाहिजे होतं. कारण तोवर वास सुटला होता, आणि महिना होता श्रावण! "अहो, श्रावणात आपण मासा तोंडात घालत नाही आणि तुम्ही हॉलमध्ये कुजवताय! उदबत्ती लावू का त्याला?" उदबत्ती लावलीही. मग वास दुप्पट झाला.

दुसऱ्या आठवड्यात पाणी तपासलं. अमोनिया भरपूर! मी पेढे आणले. तिसऱ्या आठवड्यातही भरपूर. चौथ्यात भरपूर. गौरी-गणपती आले, जेवले, गेले. अमोनिया हलायला तयार नाही. क्लासमधली पोरं रोज विचारायला लागली, "सर, चक्र फिरलं का?" आणि मागच्या बाकावरनं कुणीतरी, "पंक्चर असंल!" पाच मार्कांच्या प्रश्नात मी स्वतः भोपळा घेऊन बसलो होतो आणि दसरा जवळ यायला लागला होता.

शेवटी टाकीतलं पाणी बाटलीत भरून दुकानदाराकडं नेलं. त्यानं खारेपणा मोजला आणि माझ्याकडं बघतच राहिला.

"सर, मी पाणी मुरू द्या म्हनलो होतो. लोणचं घाला म्हनलो नव्हतो! समुद्राला पंचवीस लागतंय. हे तेहतीस हाय. ह्यात जंतू जगतील कशे?"

शक्यच नव्हतं! पाणी उडून जातं, मीठ खाली राहतं, म्हणून मी रोज सकाळी तांब्याभर साधं पाणी घालत होतो. सुजाता मीठ टाकणारी नव्हे. ती टाकीला 'तुमचं ते' म्हणते आणि तिच्याजवळनं पदर सावरून जाते. मग कोण?

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखं पाणी घातलं, क्लासला निघालो असं दाखवलं आणि जिन्यातनं परत आलो. बघतो तर आण्णा टाकीपुढं उभे. उजव्या हातात जुनं लॅक्टोमीटर, डाव्या हातात स्वयंपाकघरातली खड्या मिठाची बरणी!

"आण्णा! काय करालाय?"

आण्णा जराही दचकले नाहीत. उलट माझ्याकडं असे बघायला लागले की मीच चोर.

"मला इच्यारतोस व्हय? तू रोज तांब्या-तांब्या पानी मिसळालायस, मी बघतोय की. पैल्या दिवशी नळी सोडली तर पंचवीस डिग्री! पंचवीस! मला झोप आली न्हाय. पोरगं मास्तर हाय, लोकांत अब्रू जाईल, म्हनून गप बसलो आनि रोज मूठभर मीठ घालून डिग्री तिशीच्या वर नेऊन ठेवली."

"अहो, पाणी उडून जातंय म्हणून मी—"

"लई ऐकलंय असलं! एक म्हनायचा म्हस पानी लई प्याली, एक म्हनायचा किटली धुतली ती निथळायची ऱ्हायली. आता तू म्हन पानी उडून गेलं!"

मी त्यांना सोफ्यावर बसवून अर्धा तास शिकवलं. पस्तीस वर्षं पाणी घालणाऱ्यांना पकडणाऱ्या माणसाला 'रोज पाणी घालायचं' हे पटवणं काय असतं ते माझं मला माहीत.

"समुद्राला पंचवीसच डिग्री लागते, आण्णा."

"मग समुद्रात कोनतरी पानी मिसळतंय."

"नद्या मिसळतात की."

आण्णा विचारात पडले. "आपली कृष्णा बी?"

"ती पण."

"पुरात बघितलंय म्या तिला," आण्णा कपाळाला हात लावून म्हणाले. "तवाच वळखाय पायजे हुतं."

पण बोलता बोलता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गेला महिनाभर आण्णा बंद टीव्हीसमोर बसलेच नव्हते! सकाळी साडेपाचला उठून, दाढी करून, टोपी घालून ते ड्यूटीवर हजर राहत होते. मी त्याच दिवशी टाकी त्यांच्या ताब्यात दिली. अर्धं पाणी बदलून डिग्री पंचवीसवर आणली, अमोनिया तपासायची बाटली आणि नळ्या त्यांच्या हातात ठेवल्या. "पिवळा रंग आला की पास, हिरवा आला की नापास."

आण्णांनी संसार मांडल्यासारख्या टेबलावर नळ्या मांडल्या. बघता बघता जंतू कामाला लागले. हिरवा फिका झाला, आणखी फिका झाला आणि नवरात्रात एका सकाळी आण्णांनी हाक मारली, "सुन्या! पिवळं!" दुसरं विषही शून्य. मी आनंदानं मोबाइल काढला. "दुकानदाराला सांगतो, मासे आणूया!"

"थांब. एक दिस चांगलं आलं म्हनून माल पास करत न्हाईत. चार दिस बघूया. मग मासं सोडतो आनि मी गावाकडं जायला मोकळा. काम अर्धं टाकून जायाचं न्हवतं, म्हनून थांबलोय."

मी मोबाइल खिशात ठेवला.

बघा कसं असतं! आण्णांनी राहावं म्हणून टाकी आणली आणि ती तयार झाली की आण्णा जाणार. आता मी जे केलं ते केमिस्ट्रीच्या शिक्षकाला, आणि त्यातही आण्णांच्या मुलाला, अजिबात शोभणारं नाही. दुपारी आण्णांचा डोळा लागला की मी फ्रीजच्या तळातनं कोळंबीचा तुकडा काढून दोन बोटांत चुरायचो आणि हळूच टाकीत सोडायचो. संध्याकाळी नळीत हिरवी झाक! नापास! काम अपुरं! दसरा आला, सोनं वाटून झालं, आण्णा जागचे हलले नाहीत. "सकाळी पिवळं, सांजच्याला हिरवं. काय भानगड हाय कळंना," म्हणत टोपी काढून डोकं खाजवायचे. मला वाईट वाटायचं, पण रात्रीच्या पंगतीला ते समोर बसलेले दिसले की बरंही वाटायचं.

असे तीन आठवडे गेले. दिवाळीच्या तोंडावर एक दुपार. आण्णा सोफ्यावर, डोळे मिटलेले. मी टाकीवरनं हात झटकला आणि वळलो.

"सुन्या."

"काय, आण्णा?"

"हात बघू."

रोज शंभर पोरांना दम देणाऱ्या मी, बेचाळिसाव्या वर्षी निमूट हात पुढं केला. आण्णांनी बोटांचा वास घेतला.

"पस्तीस वर्सात माझ्या म्होरनं एक किटली निसटली न्हाय. आनि घरात तीन आठवडं भेसळ चाललीया! कशापायी?"

मी खाली मान घालून उभा. सांगायला बरंच होतं, पण तोंडातनं एवढंच निघालं, "पाणी पास झालं की तुम्ही जाणार म्हणाला होता."

आण्णांनी माझा हात खाली सोडला.

"आरं, मग थांबा म्हनून तोंडानं सांगायचं की," आण्णा म्हणाले. "एवढी कोळंबी कशाला नासलीस?"

"...थांबा, आण्णा."

"ऐकू ईना."

"थांबा!"

हे इतक्या मोठ्यानं आलं की शौकतचाचा कात्री हातात घेऊन जिना चढून धापा टाकत दारात. "काय झालं? मासा मेला?"

"न्हाय," डोळे पुसत आण्णा म्हणाले. "मास्तर बोलला."

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, सलग चार दिवस पिवळं आल्यावर, आण्णांनी टाकीवर हात ठेवून 'घ्या' म्हटलं. आता आमच्या समुद्रात दोन नारिंगी मासे राहतात आणि त्यातला बारका मोठ्याला दम देतो. आण्णा त्याची बाजू घेतात. शेजारीपाजारी मला विचारतात, टाकी तयार झाली हे ओळखायचं कसं? मी त्यांना थेट आण्णांकडं पाठवतो. कारण त्या पाण्याला तयार व्हायला सव्वादोन महिने पुरले होते. मला मात्र 'थांबा' म्हणायला अख्खं वर्ष लागलं, आणि तेसुद्धा रंगेहाथ सापडलो म्हणून!