आला का गं क्रिस्टल?

आमच्या लॅबचा फ्रीजर आणि आमचे किस्से यांचं सारखंच आहे. कोणी काही टाकून देत नाही, त्यामुळे जागा मात्र रोज कमी होते! त्यातले थोडे आज बाहेर काढते.

आधी माझी अडचण सांगते. मी नेरूळची. टीबीचं औषध शोधायचं, आणि शक्यतो याच वर्षी शोधायचं, म्हणून संशोधनात शिरले. टीबीच्या जंतूमधलं एक प्रोटीन मला मिळालं. त्याचा आकार कळला तर त्याला अडवणारं औषध बनवता येईल. पण आकार कळायला त्याचे बारीक खडे, म्हणजे क्रिस्टल, तयार व्हावे लागतात.

माझ्या गाईड मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत एक खरा क्रिस्टल दाखव. नाहीतर हे प्रोटीन सोडून दुसरा विषय घ्यायचा."

"दिवाळी कशाला मॅडम? गणपतीतच दाखवते!"

मॅडम नुसत्या हसल्या.

*

पहिल्याच आठवड्यात मी प्रोटीनची ट्यूब जोरजोरात हलवली. नीट मिसळायला नको? वर मस्त फेस आला. फेस आला की प्रोटीनची घडी उलगडते आणि ते कामातून जातं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमचे सिनियर सागरदादा साताऱ्याचे. पीएचडीचं कितवं वर्ष ते विचारायचं नाही. जगात कशाचीही घाई नाही. त्यांनी ट्यूब उजेडात धरली.

"ताक घुसळाय बसलीस व्हय? लोणी आलं की हाक मार."

*

मग ते प्रोटीन किती टिकाऊ आहे ते बघायचं होतं. मशीनमध्ये हळूहळू तापवायचं. ठरावीक तापमानाला घडी उलगडते आणि स्क्रीनवरची रेषा घसरते.

माझी रेषा घसरेचना! नव्वद डिग्री झाले तरी सरळ! मी धावत मॅडमच्या केबिनमध्ये. "मॅडम, हे उलगडतच नाही! आपला पेपर नक्की!"

मॅडम शांतपणे आल्या, मशीनकडे बघितलं, मग माझ्या बर्फाच्या डब्याकडे. प्रोटीनची ट्यूब डब्यात तशीच भरलेली होती. मशीनमध्ये मी नुसता बफर घातला होता, म्हणजे प्रोटीन ज्यात ठेवतात ते मिठाचं पाणी.

"छान," मॅडम म्हणाल्या. "मिठाचं पाणी उलगडत नाही, हे आता पक्कं झालं."

*

क्रिस्टलचं काम तसं सोपं. प्रोटीनचे थेंब ट्रेमध्ये ठेवायचे, ट्रे थंड कपाटात ठेवायचा आणि वाट बघायची. यातलं वाट बघणं सोडून मला सगळं जमतं.

पण गणपतीच्या तोंडावर एका थेंबात खडा दिसला! चौकोनी, लखलखीत! मी अख्ख्या लॅबला समोसे आणले. मॅडमनी माझ्या हातात सुई दिली. "टोच."

ही आमच्याकडची परीक्षा. प्रोटीनचा क्रिस्टल नाजूक असतो, सुई लागली की आवाज न करता भुगा होतो. बफरमधल्या मिठाचा टणक असतो, तो वाजतो.

कट्!

शेजारच्या टेबलावरची प्राची उरणची. तिच्या आजोबांचं मिठागर होतं. माझ्याच समोशाचा घास तोंडात ठेवून ती म्हणाली, "मीठच पिकवाचा व्हता, त आमचे उरनला याचा ना गो!"

*

घरी आई रोज मी चपला काढायच्या आत विचारायची, "आला का गं क्रिस्टल?" त्या दिवशी तिने माझा चेहरा बघितला आणि काही विचारलंच नाही.

"दृष्ट लागली," म्हणाली आणि आतून मीठ-मोहरी मुठीत घेऊन आली.

"आई, आता मीठ नको!"

*

ट्रे हलला की थेंब बिघडतो. म्हणून मॅडमनी त्या कपाटावर 'उघडू नये' असा कागद लावला. खास माझ्यासाठी.

एक दिवस मी सकाळी सगळ्यांच्या आधी पोचले. फक्त कागद नीट चिकटलाय का ते बघायला! तर कपाट सताड उघडं आणि आत वाकलेल्या मॅडम.

"मी थर्मामीटर बघत होते," मॅडम म्हणाल्या.

"काय म्हणतोय?"

"अजून काही आलेलं नाही."

*

दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी एका थेंबात खडा आला. एकच. मोहरीहून लहान.

मीठ निघालं तर माझं प्रोटीन जाणार. प्रोटीन निघालं तर क्रिस्टल जाणार.

"एकदा आला तर त्याच कृतीने पुन्हा येतो," मॅडम म्हणाल्या. "टोच."

सागरदादा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. प्राची पुटपुटली, "देवा, आमचा मीठ नको." मी सुई टेकवली.

आवाज नाही. नुसता भुगा!

मग जो काही आरडाओरडा झाला! प्राचीने मला उचललं. सागरदादांना कधी कुणी भरभर चालतानाही बघितलं नव्हतं, ते टाळ्या पिटत नाचत होते. मॅडम डोळे पुसत हसत होत्या. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"आला का गं क्रिस्टल?"

"आई, मोडला!" मला रडूच फुटलं. "पार भुगा झाला गं!"

आई म्हणाली, "रडू नकोस. घरी ये, चकल्या गरम आहेत." मग तिचा आवाज चढला. "आणि मागे एवढं हसतंय कोण? माझ्या पोरीचा क्रिस्टल मोडला आणि यांना हसू येतंय? दे त्यांना फोन!"

मी फोन मॅडमच्या हातात दिला.