सुईजवळचा कान

बीदरला माझ्या शेजारच्या खोलीत एक कारकून भाड्यानं राहायचा. बदली झालेल्या हवाई दलाच्या लोकांकडून तो पंक रॉकच्या तबकड्या घ्यायचा, पण ऐकायचा स्पीकर बंद ठेवून. सुईशी कान नेला की आतला गायक डासाएवढ्या आवाजात किंचाळायचा.

"स्पीकर कामून बंद ठेवलास गा?"

"वर मालक हायत, अण्णा. लई हिंडलो तवा ही खोली मिळाली."

बुद्धपौर्णिमेला त्यानं सगळ्यांना खीर वाटली. मालकांनी वाटी भरलेलीच परत पाठवली आणि दुसऱ्या दिवशी खोली सोडायला सांगितलं.

सामान बांधल्यावर त्यानं शेवटची तबकडी लावली. स्पीकर बंदच होता.

"आज तरी लाव की," मी म्हणालो.

तो सुईवर वाकूनच बोलला, "सवय मोडून कसं चालंल, अण्णा? पुढच्या खोलीला बी मालक असणारच."