दादानं कुणाला गोरं केलं नाही

दादा गेल्याची बातमी मोबाईलवर आली आणि मी ती अंगठ्यानं वर सरकवून टाकली. खोटं कशाला सांगू? दोन दिवस दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून, उतार पडलाय म्हटल्यावर आदल्या संध्याकाळीच मी कोल्हापूरहून कागलला परतले होते. दुपारचा चहा गॅसवर होता. माहेरच्या गल्लीच्या ग्रुपवर एक फोटो आला... निळ्या आभाळात ढग, मधोमध गोरागोमटा, गुळगुळीत गालांचा एक माणूस, खाली 'भावपूर्ण आदरांजली'. असतील कुणी साहेब, असं म्हणून मी चहा गाळला, निम्मा प्यायलेही. मग आमचे हे बाहेरून आले. त्यांच्या हातात फोन तसाच चालू होता. "अगं, दादा..." एवढंच बोलले. मी पुन्हा ग्रुप उघडला आणि या वेळी फोटोखालचं नाव वाचलं. चौसष्ट वर्षं ज्याला बघत आले, त्या सख्ख्या भावाला मी ओळखलं नव्हतं. रडू आधी यायला हवं होतं. मला आधी राग आला. तो अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

आम्ही दोघं भावंडं काळी. सावळी, निमगोरी वगैरे नाही, चक्क काळी. दादा, म्हणजे दिनकर, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. कोल्हापुरात त्यानं चाळीसेक वर्षं फोटोचं दुकान चालवलं. पाटीवर नाव नव्हतं, नुसतं 'फोटो' लिहिलेलं. आत एक लाकडी स्टूल, एक दिवा आणि उत्तरेची खिडकी. गिऱ्हाईक आलं की स्टुलावर बसवायचा आणि स्वतः कॅमेऱ्यामागे गप्प उभा राहायचा. पाच मिनिटं, दहा मिनिटं. लोक वैतागायचे. "काढा की ओ फोटो, गाडी चुकंल माझी," म्हणायचे. दादा हलायचा नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "माणूस येताना तोंडावर एक तोंड घालून येतंय. ते उतरूस्तवर थांबायचं. मग बटण दाबायला एक सेकंद बी लागत न्हाय."

त्या काळी निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहरा उजळायची पद्धत होती. पेन्सिल जिथं फिरेल तिथं फोटोत उजेड येतो. दादाचा त्यात हात बसलेला होता. ज्यांच्याकडे तो काम शिकला, त्यांच्याकडे दिवसभर हेच करायचा. स्वतःचं दुकान टाकलं आणि ती पेन्सिल त्यानं कायमची बंद केली. गोरं करून द्या म्हणणाऱ्याला तो सरळ पुढच्या चौकातलं दुकान दाखवायचा. धंदा बुडवायचे धंदे, असं आमचे वडील, आबा, म्हणायचे आणि ते चुकीचं नव्हतं.

आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतलेली. घरात वंदना व्हायची, पौर्णिमेला विहारात जाणं व्हायचं. दादाही यायचा, पण मागच्या रांगेत उभा राहून लोकांचे चेहरे बघत बसायचा. एकदा सगळ्यांनी आग्रह करून त्याला दहा दिवसांच्या ध्यानाच्या शिबिराला पाठवलं. चौथ्या दिवशी पिशवी घेऊन हा दारात हजर! आई म्हणाली, "का रं, पळून आलास?" तर म्हणतो कसा, "त्यास्नी वाईट म्हणत न्हाय मी. पण डोळं मिटून बसा म्हणत्यात. माझं सगळं ध्यान उघड्या डोळ्यात हाय." आम्ही हसलो. पुढे कितीतरी वर्षं त्याला त्यावरून चिडवलं. तो चिडायचा नाही. म्हणायचा, समोरचं माणूस जसं आहे तसं बघायचं, त्यात आपल्या पदरचं काही घालायचं नाही की त्याचं काही काढून घ्यायचं नाही, एवढं जमलं तर आणखी कुठला धम्म पाहिजे? त्याच्यासाठी फोटो काढणं हीच वंदना होती. हे मला कळायला फार वर्षं लागली, आणि त्याआधी त्याचा जाच मी पुरेपूर भोगला.

माझ्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा स्थळांना पाठवायला फोटो दादानंच काढला. आबा म्हणाले, "पोरीच्या लग्नाचा सवाल हाय, दिनकर. जरा उजळ कर की रं." दादा म्हणाला, "उजळ करायला ती काय मळलीया व्हय, आबा?" फोटो गेला तसा परत आला. एकदा नव्हे, चारदा. शेवटी मी मैत्रिणीला घेऊन गुपचूप दुसऱ्या स्टुडिओत गेले. त्यांनी पावडर थापली, दिवे मारले, वर पेन्सिल फिरवली. त्या फोटोवर हातकणंगल्याचं स्थळ लगेच आलं. मुलाच्या आईनं पोह्याची बशी खाली ठेवली, पर्समधून फोटो काढला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा फोटोकडं बघितलं आणि आबांना विचारलं, "ही धाकटी दिसतीया. फोटोतली पोरगी कुठं हाय?"

ते लोक गेले. आबा अंगणात जाऊन उभे राहिले. दादा मला एका शब्दानंही बोलला नाही, नुसता म्हणाला, "नंदे, चल, दुकानात बस." मी त्याला नाही नाही ते बोलले. तुझं खरं तुझ्यापाशी ठेव, त्याचा भुर्दंड तू नाहीस, मी भरतेय, असंही म्हणाले. तरी गेले. स्टुलावर बसून आधी रडले. मग रडून संपलं आणि नुसता संताप उरला. तेव्हा त्यानं बटण दाबलं.

हाच फोटो शिरोलीच्या एका फाउंड्रीत साचे भरणाऱ्या माणसाच्या घरी गेला आणि पुढच्याच रविवारी तो माणूस आला. आमचे हे. लग्नानंतर मी विचारलं, काय बघून आलात? तर म्हणाले, "फोटोत तू लई चिडल्याली दिसत हुतीस. म्हटलं, ही बाई तोंडावर बोलणारी हाय, हितं फसवणूक न्हाय." तरीही दादाशी मी वर्षभर नीट बोलले नाही. तो बरोबर होता म्हणून माझा अपमान कमी झाला नव्हता.

मोबाईल आले, दुकान ओस पडलं. तरी तो उघडून बसायचा. एकदा मी तिथं असताना दोन भाऊ आले. आई वारलेली. लग्नाच्या ग्रुप फोटोतून तिचा चेहरा मोठा करून पाहिजे होता. धाकटा म्हणाला, "जेवढी गोरी करता येईल तेवढी करा, काका." दादानं चष्मा काढला. "पावणं, घरात आईला लावायचं हाय का दुसऱ्या कुणाला? काळी हुती म्हणून तिच्या हातची भाकरी कधी कडू लागली का तुमास्नी?" धाकटा फोटो उचलून तरातरा निघून गेला. तासाभरानं थोरला एकटाच परत आला. "हाय तशीच करा," म्हणाला आणि स्टुलावर बसून पोरासारखा रडला...

अशा माणसाच्या जलदान विधीला मी घरात पाऊल टाकलं तेव्हा बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी तोच गुळगुळीत गोरा गृहस्थ हार घालून बसला होता. भन्तेजी आले होते, माणसं जमली होती. मी सरळ पुढं गेले, हार काढला आणि फ्रेम भिंतीकडं तोंड करून ठेवली. सुशांत, दादाचा मुलगा, धावत आला. "आत्ती, काय करतीस? लोकं बघत्यात!"

"बघू देत. हा कोण बसवलायस? ह्याला मी ओळखत नाही."

सुशांतचा चेहरा पडला. म्हणाला, "मी काय बी केलेलं न्हाय गं. दवाखान्यात पप्पांचा फोटो काढला, तर मोबाईलनंच आपणहून तसा काढला. दुसरा फोटोच न्हाय आमच्याकडं. त्यांनी स्वतःचा कधी काढूनच घेतला न्हाय." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा आवाज तिथं खाली आला, पण फ्रेम मी वळवू दिली नाही. शेवटी वहिनींनी कपाटातून दादाचं आधार कार्ड काढून दिलं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं त्यावरचा चेहरा मोठा करून दिला. ठिपके ठिपके उमटलेला, कपाळावर आठी, काळाभोर, 'लवकर आवरा' म्हणणारा दादा. एक मावशी कुजबुजल्या, "अगं बाई, आधारवरचा फोटो कुणी लावतं का?" मी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आम्ही लावतो." मग भन्तेजींनी वंदना सुरू केली आणि मला पहिल्यांदा रडू आलं, कारण आता समोर रडण्याजोगा माणूस होता.

या गोष्टीवरून नात्यात अजून कुरबुर चालू आहे. बाईनं भरल्या घरात तमाशा केला म्हणतात. केला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. जिवंतपणी माणसाला त्याच्या रंगावरून ऐकवायचं आणि मेल्यावर तोच रंग पुसून त्याला हार घालायचा, याला मी आदरांजली म्हणणार नाही.

मागच्या रविवारी सुशांत कागलला आला होता. त्याला म्हटलं, माझा फोटो काढ, आणि ते मोबाईलमधलं उजळायचं जे काही आहे ते आधी बंद कर. त्यानं शोधून शोधून ते बंद केलं. पावडर लावू का, असं सूनबाईनं विचारलं, तिला नको म्हटलं. "आत्ती, जरा हस की," सुशांत म्हणाला. मला हसायचं नव्हतं, मी हसले नाही. फोटो छापून आणला तेव्हा त्यात एक काळी, सुरकुतलेली, हट्टी बाई होती, आणि तिचं कपाळ थेट दादाचं होतं. मी तो पाकिटात घालून कपाटात सगळ्यांना सापडेल असा ठेवलाय. पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'हाच लावायचा', आणि खाली सही केलीय.